विश्लेषण : चार कोटी अंकांची मूळ संख्या सापडली, पण ती मूळच कशावरून?

दोनचा १३,६२,७९,८४१ वा घात करायचा आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. उरणारी संख्या मूळ आहे, अशी घोषणा २१ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. आजवर माहीत झालेल्या मूळ संख्यांमध्ये ती सर्वांत मोठी. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. अशी बातमी वाचली की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘याचा उपयोग काय?’ दुसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही : ‘हे खरे कशावरून?’ माझ्या मते हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. निवडणुकीच्या दिवसांत फोनवर तासागणिक नवा दावा येऊन आदळत असताना तर नक्कीच.

नेमके काय सापडले?

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नाही अशी संख्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ. ६ मूळ नाही, कारण ती २ × ३ आहे. शाळेत आपण हे शिकतो आणि शंभरच्या आतल्या पंचवीस मूळ संख्या पाठ करून पुढे जातो. या संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे. त्यामुळे ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ अशी वस्तूच नसते. असते ती ‘आजवर माहीत झालेली सर्वांत मोठी’.

नवी संख्या किती मोठी आहे? सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता, न थांबता वाचायला घेतली तर सुमारे ४७५ दिवस लागतील. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवली तर साधारण ४१ एमबी जागा घेईल. लग्नाच्या एखाद्या व्हिडीओएवढी. गंमत म्हणजे संगणकाच्या बायनरी भाषेत ती अगदीच साधी दिसते : १ हा अंक सलग १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ वेळा. मध्ये एकही शून्य नाही.

ही संख्या न उघडताही तिचा शेवटचा अंक तुम्ही सांगू शकता. २ चे घात पाहा : २, ४, ८, १६, ३२, ६४... शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरून फिरून येतात. दर चार घातांनी चक्र पूर्ण होते. १३,६२,७९,८४१ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते (त्यासाठी शेवटचे दोन अंक, ४१, पाहिले तरी पुरे). म्हणजे घाताचा शेवटचा अंक २. त्यातून १ वजा केला की १. चार कोटी अंकांच्या संख्येबद्दलची एक गोष्ट तुम्ही आत्ता कोणावरही विश्वास न ठेवता तपासली. ही सवय लक्षात ठेवा. लेखात पुढे ती पुन्हा लागणार आहे.

मर्सेन कोण आणि त्याची यादी काय होती?

दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना ‘मर्सेन मूळ संख्या’ म्हणतात. ३, ७, ३१, १२७ या पहिल्या चार. त्या २, ३, ५, ७ या घातांकांपासून मिळतात. घातांक मूळ नसेल तर उत्तरही मूळ नसते : २ चा सहावा घात ६४, वजा १ म्हणजे ६३, तो ३ ने आणि ७ ने भागला जातो. पण घातांक मूळ असला म्हणजे काम झाले असेही नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती आहे २३ × ८९.

अशा संख्या विलक्षण विरळ आहेत. नव्या संख्येच्या घातांकापर्यंत सुमारे ७७ लाख मूळ घातांक येतात. त्यांतून आजवर माहीत झालेल्या मर्सेन मूळ संख्या फक्त ५२. आणि ही ‘ज्ञात असलेली बावन्नावी’ आहे, क्रमाने बावन्नावीच असेल असे नाही. मध्ये एखादी नजरेतून सुटलेली असू शकते. त्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हेही अद्याप कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

त्यांचे एक जुने नाते ‘परिपूर्ण’ संख्यांशी आहे. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते ती परिपूर्ण संख्या. ६ म्हणजे १ + २ + ३. २८ म्हणजे १ + २ + ४ + ७ + १४. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या तयार होते, हे युक्लिडने दाखवले. त्यामुळे या शोधासोबत ८,२०,४८,६४० अंकांची एक नवी परिपूर्ण संख्याही आपोआप हाती आली.

आता मर्सेनविषयी. मारँ मर्सेन हा फ्रान्समधला सतराव्या शतकातला धर्मगुरू. युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार असे. १६४४ मध्ये त्याने एक दावा प्रसिद्ध केला : २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच घातांक मूळ संख्या देतात. या संख्या त्या काळी तपासणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे होते. पण दावा मोठ्या माणसाचा होता. तो फिरत राहिला.

यादीत पाच चुका होत्या. ६७ आणि २५७ तिथे असायला नको होते. ६१, ८९ आणि १०७ असायला हवे होते. ६७ ची चूक १८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका याने पकडली. ती संख्या मूळ नाही हे त्याने सिद्ध केले. पण तिचे विभाजक कोणते, हे त्याला सांगता आले नाही. ते १९०३ मध्ये अमेरिकी गणिती फ्रँक नेल्सन कोल याने शोधले. असे सांगतात, की कोल सभेत उठला, फळ्यावर २ चा ६७ वा घात वजा १ मांडून १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ हे उत्तर लिहिले, शेजारी १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार करून तेच उत्तर काढले आणि एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला. सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. गुणाकार ज्याला येतो त्याने तो करून पाहावा.

मर्सेनच्या यादीतला प्रत्येक घातांक तपासून व्हायला १९४७ उजाडले. एका दाव्याची छाननी पूर्ण व्हायला ३०३ वर्षे लागली. आणि विस्मय असा, की आजही या संख्यांना नाव आहे ते चुकीची यादी देणाऱ्याचेच.

एवढी मोठी संख्या तपासतात कशी?

सरळ मार्ग म्हणजे लहान संख्यांनी एकामागून एक भागून पाहणे. चार कोटी अंकांच्या संख्येसाठी तो अशक्य आहे. विश्वाचे आयुष्य पुरणार नाही. पण मर्सेन संख्यांसाठी ल्यूकाने एक युक्ती शोधली आणि विसाव्या शतकात डी. एच. लेहमर या अमेरिकी गणितीने तिला सुटसुटीत रूप दिले. ‘ल्यूका-लेहमर चाचणी’ म्हणून ती ओळखली जाते. ती इतकी सोपी आहे की सातवी-आठवीतला विद्यार्थी वहीवर करू शकेल.

१२७ मूळ आहे का, ते या चाचणीने पाहू. १२७ म्हणजे २ चा सातवा घात वजा १. सुरुवात नेहमी ४ पासून. प्रत्येक पायरीला तीनच कामे : वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा.

पहिली पायरी : ४ चा वर्ग १६, वजा २, बाकी १४.
दुसरी पायरी : १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, बाकी ६७.
तिसरी पायरी : ६७ चा वर्ग ४४८९, वजा २ म्हणजे ४४८७, बाकी ४२.
चौथी पायरी : ४२ चा वर्ग १७६४, वजा २ म्हणजे १७६२, बाकी १११.
पाचवी पायरी : १११ चा वर्ग १२३२१, वजा २ म्हणजे १२३१९. ती बरोबर १२७ × ९७ आहे. बाकी शून्य.

घातांकापेक्षा दोन कमी एवढ्या पायऱ्यांनंतर शून्य आले तर संख्या मूळ. न आले तर नाही. सात घातांक होता, म्हणून पाच पायऱ्या. नव्या संख्येसाठी हेच १३,६२,७९,८३९ वेळा करावे लागते, आणि प्रत्येक वेळी वर्ग करायचा असतो तो चार कोटी अंकांपर्यंतच्या संख्येचा. नियम तोच. फक्त वही फार मोठी.

इथेच खरी अडचण सुरू होते. साडेतेरा कोटी पायऱ्यांमध्ये एका ठिकाणी, एका अंकाची चूक झाली तर पुढचे सगळे वाया. तापलेली चिप, सदोष मेमरी, प्रोग्रॅममधली गफलत, काहीही पुरते. म्हणजे संगणकाने ‘मूळ आहे’ असे म्हटले, एवढ्यावर भागत नाही.

मग हा शोध पक्का कसा ठरला?

१९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’, थोडक्यात ‘गिम्प्स’, हा उपक्रम सुरू केला. जगभरच्या हौशी लोकांनी आपल्या घरच्या संगणकाचा रिकामा वेळ द्यायचा, प्रत्येकाने काही घातांक तपासायचे, अशी कल्पना. गिम्प्सने आजवर अठरा मर्सेन मूळ संख्या शोधल्या. आधीच्या सतरा साध्या वैयक्तिक संगणकांवर मिळाल्या. त्यांतली शेवटची डिसेंबर २०१८ मधली, २,४८,६२,०४८ अंकांची. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे काहीच नाही.

अठरावी लागली ती वेगळ्या वाटेने. अमेरिकेतल्या सॅन होजे इथला ३६ वर्षांचा ल्यूक ड्युरंट हा ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचा माजी कर्मचारी. ज्या चिपवर आज कृत्रिम बुद्धिमत्ता चालते त्याच जीपीयू चिप त्याने या कामाला लावल्या. सतरा देशांतल्या चोवीस डेटा सेंटर विभागांमध्ये पसरलेले हजारो जीपीयू त्याने भाड्याच्या क्लाउडमधून एकत्र जोडले. ११ ऑक्टोबरला आयर्लंडमध्ये डब्लिन इथल्या एका चिपने कळवले, की ही संख्या ‘बहुधा मूळ’ आहे.

‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या झटपट चाचणीत संख्या उत्तीर्ण झाली होती, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ इथल्या दुसऱ्या प्रकारच्या चिपने ल्यूका-लेहमर चाचणी पूर्ण केली. शेवटी शून्य आले. तरीही घोषणा झाली नाही. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी, वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांवर हीच चाचणी पुन्हा पुन्हा केली. एकाच प्रोग्रॅमची चूक दोनदा होऊ शकते. स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमना नेमकी तीच चूक होणे जवळपास अशक्य. सगळीकडे शून्य आल्यावर, नऊ दिवसांनी जगाला सांगितले गेले.

जी संख्या मूळ ठरत नाही, तिचीही गिम्प्स पडताळणी करते, कारण चुकीमुळे खरी मूळ संख्या हातातून निसटू शकते. पूर्वी त्यासाठी पूर्ण हिशेब दुसऱ्या संगणकावर पुन्हा करावा लागे. २०२० पासून पहिला संगणक हिशेबाबरोबर एक ‘प्रमाणपत्र’ही तयार करतो. ते तपासायला मूळ हिशेबाच्या तुलनेत अगदी थोडा वेळ लागतो. दावा करणाऱ्याने दाव्याबरोबर पुरावाही द्यायचा, आणि तो असा द्यायचा की समोरच्याला तपासणे सोपे जाईल. शिष्टाचार म्हणून हे कुठेही शोभावे.

यामुळे ऑनलाइन व्यवहार अधिक सुरक्षित होतील का?

नाही. मोठी मूळ संख्या सापडल्याच्या बातमीत ‘अशा संख्या बँक व्यवहारांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जातात’ असे वाक्य हमखास असते. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, पण या संख्येला तो लागू नाही.

दिवाळीच्या खरेदीसाठी तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर जाता तेव्हा मागे चालणाऱ्या सुरक्षा पद्धतींपैकी आरएसए ही एक, १९७७ मधली. तिचे तत्त्व सोपे आहे : ८९ × ९७ = ८६३३ हा गुणाकार पटकन होतो; पण नुसते ८६३३ देऊन ‘याचे दोन विभाजक सांगा’ म्हटले तर वेळ लागतो. संख्या पुरेशा मोठ्या असतील तर आजच्या संगणकांना हे उलटे काम करता येत नाही. आज प्रचलित असलेल्या २०४८ बिटच्या किल्लीत अशा दोन मूळ संख्या असतात, प्रत्येकी सुमारे ३०८ अंकांच्या. चार कोटींच्या नव्हे. शिवाय त्या गुप्त असाव्या लागतात. ज्या संख्येची बातमी साऱ्या जगाने वाचली तिचे कुलूप काय कामाचे? ३०८ अंकी मूळ संख्यांचा साठा एवढा अफाट आहे, की संगणक दर वेळी नवी निवडतो आणि ती कधी कोणी वापरलेली नसते.

तेव्हा ही संख्या तुमच्या खात्याचे रक्षण करणार नाही. उपयोग दाखवता आला नाही तर वाचक गणिताकडे पाठ फिरवेल, या भीतीने ओढूनताणून उपयोग चिकटवणे हे वाचकाला कमी लेखणे आहे.

मग सगळे निरर्थक आहे का?

तसेही नाही. याच कुळातल्या दोन संख्यांची कहाणी पाहा. १९५२ च्या जानेवारीत राफाएल रॉबिन्सन या गणितीने लॉस एंजलिसमधल्या ‘स्वॅक’ या सुरुवातीच्या संगणकावर २ चा ५२१ वा घात वजा १ ही १५७ अंकी संख्या मूळ असल्याचे शोधले. तेव्हा तिचा उपयोग शून्य होता. २००० साली अमेरिकी सरकारच्या डिजिटल स्वाक्षरीच्या मानकात ‘पी-५२१’ या सुरक्षा पद्धतीचा पाया म्हणून तीच संख्या आली. दोनच्या घातापेक्षा अवघ्या एकाने कमी असल्यामुळे तिने भागणे संगणकाला फार सोपे जाते, हे कारण. मध्ये ४८ वर्षे गेली होती.

दुसरी, २ चा १९९३७ वा घात वजा १. अंक ६००२. ती १९७१ मध्ये ब्रायंट टकरमन याने शोधली. १९९८ मध्ये माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी संशोधकांनी तिच्या आधारे यादृच्छिक संख्या तयार करण्याची ‘मर्सेन ट्विस्टर’ ही पद्धत प्रसिद्ध केली. पायथन ही संगणकभाषा शिकणारा विद्यार्थी ‘रँडम’ लिहितो तेव्हा मागे हीच पद्धत चालते. २ चा १९९३७ वा घात वजा १ एवढ्या पायऱ्या होईपर्यंत क्रम पुन्हा सुरू होत नाही, आणि त्या हमीच्या सिद्धतेत ही संख्या मूळ असणे कामी येते.

शोधाच्या ओघात हाती लागलेल्या गोष्टी वेगळ्याच. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हा अमेरिकी प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या (११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोड्यांच्या) व्यस्तांकांची बेरीज करत बसला होता. उत्तरे जुळेनात. चूक त्याच्या गणितात नव्हती. इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात होती. चिप बदलून देण्यापोटी कंपनीला ४७.५ कोटी डॉलर हिशेबात धरावे लागले. २०१६ मध्ये गिम्प्सच्याच सॉफ्टवेअरमुळे इंटेलच्या ‘स्कायलेक’ चिपमधला दोष उघडकीस आला आणि कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली. कारण उघड आहे. इतका लांब आणि इतका काटेकोर हिशेब दुसरे कोणी करतच नाही.

मात्र हे दाखले देऊन ‘म्हणजे नवी संख्याही उद्या उपयोगी पडेल’ असे मी म्हणणार नाही. कदाचित ती कधीच पडणार नाही. ५२ पैकी दोघींना नोकरी लागली म्हणून बाकी पन्नास जणींना लागेलच असे नसते.

भारताचा यात काही वाटा आहे का?

या शोधात थेट नाही. पण ‘एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ठरवता येते का?’ या मूळ प्रश्नाचे उत्तर भारतात मिळाले आहे. ल्यूका-लेहमर चाचणी फक्त मर्सेन संख्यांना चालते. कोणत्याही संख्येला लागू पडेल, शंभर टक्के खात्रीचे उत्तर देईल, कोणत्याही सिद्ध न झालेल्या गृहीतकावर विसंबणार नाही आणि तरी वाजवी वेळात संपेल, अशी रीत शतकानुशतके मिळत नव्हती. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ती दिली. कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी तिथून बीटेक पूर्ण केले होते.

त्यांचा निबंध अवघा नऊ पानांचा होता. जगातल्या मोजक्या तज्ज्ञांकडे तो गेला आणि काही दिवसांतच सगळ्यांनी मान्य केला. का? लेखक प्रसिद्ध होते म्हणून नव्हे. सिद्धता सोपी आणि तपासण्याजोगी होती म्हणून. पुढे २००६ मध्ये त्यांना गोडेल आणि फल्करसन हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. प्रत्यक्ष कामासाठी त्यांच्या रीतीपेक्षा वेगवान चाचण्या आहेत, मर्सेन संख्यांसाठी तर ल्यूका-लेहमरच वापरतात. तरीही त्या नऊ पानांचे मोल कमी होत नाही.

मर्सेन आणि कानपूर शेजारी ठेवून पाहा. एकीकडे युरोपभर ओळख असलेल्या विद्वानाचा पुराव्याविना केलेला दावा. त्याची छाननी ३०३ वर्षे चालली. दुसरीकडे दोन नवे पदवीधर आणि त्यांचे प्राध्यापक यांचा पुराव्यासह केलेला दावा. तो काही दिवसांत मान्य झाला.

एवढी वीज आणि पैसा खर्च करावा का?

हा आक्षेप रास्त आहे. हजारो जीपीयू चालतात तेव्हा वीज जळते. घरच्या संगणकाच्या रिकाम्या वेळेवर चालणारा उपक्रम आणि क्लाउडमध्ये भाड्याने घेतलेला फौजफाटा यांत फरक आहे. पुढचे विक्रम ज्याच्या खिशात दाम त्यालाच जमतील, ही खंतही खरी. या शोधाचे बक्षीस तीन हजार डॉलर आहे, आणि ड्युरंट ते आपल्या जुन्या शाळेला, अलाबामा राज्यातल्या गणित-विज्ञानाच्या निवासी शाळेला, देणार आहे. दहा कोटी अंकांची पहिली मूळ संख्या शोधणाऱ्यासाठी अमेरिकेतल्या ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ने दीड लाख डॉलर जाहीर केले आहेत. म्हणजे यात पैसा कमावायला कोणी उतरत नाही.

अशा विक्रमासाठी सरकारी तिजोरीतून खर्च करावा, असे मी म्हणणार नाही. कोणी स्वखुशीने, स्वतःच्या पैशांनी करत असेल तर करू द्यावे. खर्च करायचा तर तो कानपूरसारख्या ठिकाणी करावा, जिथे दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला न घाबरता वर्षभर एका प्रश्नाशी झुंजू शकतात. त्यासाठी डेटा सेंटर लागत नाही. फळा लागतो, ग्रंथालय लागते आणि निकालाची घाई नसलेला विभागप्रमुख लागतो.

मग यातून आपण घ्यायचे काय?

या संख्येतले चार कोटी अंक कोणी वाचणार नाही. मीही वाचलेले नाहीत. तरी ती मूळ आहे यावर माझा विश्वास आहे. तो विश्वास ड्युरंटवर नाही, गिम्प्सवर नाही, एनव्हिडियावर तर नाहीच. तो आहे यावर, की पद्धत उघडी आहे, प्रोग्रॅम उघडे आहेत, आणि ज्याला शंका येईल त्याने स्वतःच्या यंत्रावर हिशेब करून शून्य येते का ते पाहावे, अशी मुभा आहे. जो दावा खोटा ठरवायची सोय दावा करणाऱ्यानेच करून ठेवली आहे, त्यावर विश्वास ठेवणे भोळेपणाचे नसते.

आपल्या फोनवर येणाऱ्या बहुतेक दाव्यांना ही कसोटी लावली तर काय उरेल? अमुक औषधाने मधुमेह जातो, तमुक नेता असे म्हणाला, अमक्या संस्थेने भारताला पहिला क्रमांक दिला. पाठवणारा मोठा आहे, ओळखीचा आहे, आपल्या विचारांचा आहे, एवढ्यावर ते पुढे जातात. मर्सेनची यादीही अशीच पुढे गेली होती. प्रत्येक दाव्याची ल्यूका-लेहमर चाचणी करता येत नाही, हे मान्य. पण ‘हे कसे तपासता येईल?’ एवढे विचारता येते. उत्तर ‘तपासता येणार नाही’ असे असेल, तर फॉरवर्डच्या बटणावरून बोट काढता येते.

शाळांसाठी एक सूचना. मूळ संख्यांची व्याख्या आणि शंभरपर्यंतची यादी पाठ करून घेण्यात एक तास जातो. त्यात आणखी एक तास घालून मुलांना १२७ ची पाच पायऱ्यांची चाचणी स्वतः करू द्यावी. मग ८१९१ द्यावी, म्हणजे २ चा तेरावा घात वजा १. अकरा पायऱ्या, कॅल्क्युलेटर घेऊन. आणि २०४७ द्यावी, जिथे शेवटी शून्य येत नाही. कुठेतरी चूक होईल, शून्य यायचे तिथे येणार नाही, बाकावरच्या शेजाऱ्याचे उत्तर वेगळे येईल, वाद होईल, आणि दोघे मिळून चूक शोधतील. डब्लिन आणि सॅन अँटोनिओ यांच्यात झाले ते याहून वेगळे काही नव्हते.

आणि मोठ्यांसाठी : १२७ च्या पाच पायऱ्या वर दिल्या आहेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका. कागद घ्या आणि करून पाहा. शेवटी शून्य आले पाहिजे.